गुरुजींच्या नावाची शिष्यवृत्ती: शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलीच्या हातात पैसे कधी पडतात, आणि कधी पडत नाहीत

जुन्या हायस्कूलच्या ऑफिसात गेलात तर मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागं एक लाकडी फळा दिसतो. पांढऱ्या रंगात नावं लिहिलेली असतात. ‘कै. अमुक गुरुजी यांचे स्मरणार्थ, गणितात प्रथम, रुपये १०१.’ ‘कै. मातोश्रींचे स्मरणार्थ, मुलींत प्रथम, रुपये २५१.’ मी ज्या शाळेत शिकलो तिथं असा फळा होता. त्यातलं एक बक्षीस मलाही मिळालं होतं. १५ ऑगस्टला, लिफाफ्यात, नारळासोबत. घरी येईपर्यंत त्याची वही-पेन झाली होती.

हा फळा आठवायचं कारण असं की आपल्या भागात एखादे शिक्षक गेले की घरच्यांच्या मनात आजही तेच येतं. दहावं-तेरावं झालं की मुलगा म्हणतो, बाबांच्या नावानं शाळेला काहीतरी देऊ. लाख रुपये देतात, कधी दोन लाख. भावना खरी असते आणि पैसाही घामाचा असतो. पण ज्या मुलीला खरंच शिक्षिका व्हायचंय, जी बारावी किंवा बीए करून घरी बसलीय कारण पुढची दोन वर्षं कशी निघायची हे कळत नाही, तिच्यापर्यंत हा पैसा क्वचितच पोहोचतो. तो का पोहोचत नाही आणि पोहोचवायचा कसा, हे देणाऱ्यांनीही वाचावं आणि घेणाऱ्यांनीही.

आधी व्याजाचं गणित

समजा, १९८५ साली कुणी ५,००० रुपये शाळेकडं ठेव म्हणून दिले. बँकेत १० टक्के व्याज धरलं तर वर्षाला ५०० रुपये. त्या काळात ५०० रुपयांत एखाद्या पोराचं वर्षाचं बरंच काही भागायचं. आज तीच ५,००० ची ठेव साडेसहा टक्क्यांनी धरली तर ३२५ रुपये मिळतात. तेवढ्यात आता दोन चांगली गाईड येत नाहीत. नाव फळ्यावर तसंच आहे, पैसा मात्र विरघळून गेला.

आज लाख रुपये ठेवले तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ६,५०० मिळतील. महिन्याला साडेपाचशेच्या आत. एका मुलीला दरवर्षी २०,००० रुपये कायम द्यायचे म्हटलं तर मूळ ठेव तीन लाख आठ हजारांच्या आसपास लागते. तेवढी ऐपत नसेल तर माझं मत सरळ आहे: ठेव करूच नका. लाख रुपये आहेत ना, मग दोन मुली निवडा, प्रत्येकीला वर्षाला २५,००० द्या, दोन वर्षं. पैसा संपेल, पण दोन मुलींचं बी.एड. किंवा डी.एल.एड. पार पडलेलं असेल. पुढं गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांना वाटलं तर ते भर घालतील. काहींना हे पटत नाही, कारण ‘कायमस्वरूपी’ हा शब्द त्यात राहत नाही. पण वर्षाला ३२५ रुपयांचं कायमस्वरूपी कुणाच्या उपयोगाचं?

कर्मवीरांनी काय केलं होतं

आपल्या सातारा जिल्ह्याला हा विषय नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची. बोर्डिंगातल्या पोरांचं जेवण अडलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या अंगावरचे दागिने दिले, हे आपल्याकडं घराघरात सांगितलं जातं. १९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. पुढं त्यांच्या नावानं लक्ष्मीबाई भाऊराव पाटील शिक्षणोत्तेजक पतपेढी उभी राहिली. गरीब आणि हुशार मुलांना पुढच्या शिक्षणासाठी कर्जाऊ पैसे द्यायचे, हे तिचं काम. म्हणजे ज्या बाईनं पोरांच्या भाकरीसाठी दागिने दिले, तिच्या स्मरणार्थ बक्षीस समारंभ न ठेवता अडल्या वेळी पैसे देणारी व्यवस्था उभी केली गेली.

आणखी एक गोष्ट. कर्मवीरांना खेड्यात शाळा काढायच्या होत्या, पण शाळेला मास्तर कुठून आणायचा? शहरातला शिकलेला माणूस डोंगरातल्या वाडीत राहायला तयार नसायचा. म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघालं. खेड्यातलीच पोरं शिकवून मास्तर करायची आणि खेड्यातच पाठवायची. आज पाटण, जावळीच्या वाड्यांवरच्या शाळांकडं पाहिलं तर तो प्रश्न पुरता सुटलाय असं कोण म्हणेल? गावातली पोरगी गावाजवळच्या शाळेत शिक्षिका झाली तर ती तिथं टिकण्याची शक्यता जास्त. म्हणूनच हा विषय एका मुलीच्या नोकरीपुरता नाही.

स्मृती शिष्यवृत्तीचा दुसरा जुना नमुनाही सांगतो, कारण तो वेगळा आहे. मुंबईचे नाना शंकरशेठ १८६५ मध्ये गेले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकला संस्कृतात सर्वात जास्त गुण मिळवणाऱ्याला मिळायची. रायगडकडचे चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले आणि ती त्यांना मिळाली. पुढं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. पहिल्या नंबराचा असा गौरव व्हायलाच हवा. पण पहिला नंबर येणारी मुलगी बहुतेक वेळा कुठूनतरी पुढं जातेच. अडकते ती ६२ टक्केवाली, जिला मुलांना शिकवायची खरी आवड आहे आणि जिच्या घरी दीड एकर कोरडवाहू जमीन आहे. स्मरणार्थ पैसे देताना आपण शंकरशेठांच्या नमुन्यानं देतोय की लक्ष्मीबाईंच्या, हे आधी ठरवा.

सरकारी योजनाही कुणाच्या तरी आठवणीतल्याच

शासनाच्या शिष्यवृत्त्यांची नावं बघा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार. पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्. ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. यातल्या सावित्रीबाई तर आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, जन्म ३ जानेवारी १८३१ चा. फी आणि राहण्या-जेवणाचा मोठा भार याच योजना उचलतात. म्हणून गावातल्या दात्यानं आधी सरकार काय देतं हे समजून घ्यावं, आणि जिथं सरकारचा हात पोहोचत नाही तिथं आपला पैसा लावावा.

थोडक्यात चित्र असं आहे. अनुसूचित जातीच्या मुलामुलींना केंद्राची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, त्यासाठी घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. उत्पन्न त्यावर असेल तर फ्रीशिप. आदिवासी, ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी त्यांच्या त्यांच्या विभागाच्या योजना आहेत. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शाहू महाराजांच्या नावाची फी सवलत आहे. मुलींसाठी महत्त्वाचा बदल २०२४-२५ पासून झाला. आर्थिकदृष्ट्या मागास, मराठा समाजाच्या एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी आता ५० ऐवजी १०० टक्के माफ आहे. बी.एड.चा प्रवेश सीईटीतून आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होतो.

इथंच पहिला खड्डा आहे. ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून आलेल्यांना मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला नाही. सीईटीचा फॉर्म भरायचा राहिला, राऊंड चुकला, मग ओळखीचा कुणीतरी म्हणतो, ‘ये की, थेट ॲडमिशन करून देतो.’ सही झाली की दोन वर्षांची फी अंगावर. घरचे नंतर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला जातात तेव्हा कळतं की आपण त्यात बसतच नाही. गुरुजींच्या नावानं पैसे द्यायचेत तर त्यांच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्यानं त्या मुलीसोबत सीईटीचा फॉर्म भरायला बसावं. त्याला पैसा लागत नाही, एक दुपार लागते.

कॉलेज निवडताना त्याला एनसीटीईची मान्यता आहे का ते बघा. विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. त्याच्या वरती कुणी मागत असेल तर पावती मागा. पावती मागितली की बऱ्याचदा आकडा खाली येतो.

मग उरतं काय?

राहणं, खाणं आणि येणं-जाणं. वसतिगृहात नंबर न लागलेल्या ओबीसी, भटक्या-विमुक्त प्रवर्गातल्या मुलांना सावित्रीबाई फुले आधार योजनेतून ठिकाण पाहून वर्षाला ३८ हजारांपासून ६० हजारांपर्यंत मिळतात. स्वाधार आणि स्वयम् योजनाही याच धर्तीच्या. पण या योजना घर सोडून बाहेर राहणाऱ्यांसाठी आहेत. जी मुलगी घरूनच रोज एसटीनं ये-जा करते, तिला यातलं काही नाही. आणि आपल्याकडं बी.एड.ला जाणाऱ्या मुली बऱ्याचदा याच असतात. घरचे मुलीला बाहेर ठेवायला तयार नसतात, किंवा लग्न झालेलं असतं, लहान मूल असतं.

प्रवासाचं बघा. बारावीपर्यंत खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत होता. बारावी झाली की तो बंद. मग विद्यार्थी सवलतीचा मासिक पास काढावा लागतो, त्यात दोन तृतीयांश सवलत असते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेही कामी येतं. पण बी.एड.मध्ये फक्त कॉलेजला जायचं नसतं. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि त्यात एकूण २० आठवडे शाळांमध्ये काम करावं लागतं. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. ज्या शाळेत पाठवतात ती तुमच्या पासच्या मार्गावर असेलच असं नाही. कधी वडाप, कधी रिक्षा. रोजचे जाऊन-येऊन ६० रुपये धरले तरी १६ आठवड्यांचे, आठवड्याला सहा दिवस म्हणजे ९६ दिवसांचे ५,७६० रुपये होतात. त्यात पाठ टाचण, तक्ते, शैक्षणिक साहित्य, प्रिंट, झेरॉक्स, आणि शाळेत घालायला दोन बऱ्या साड्या किंवा ड्रेस.

आणि या काळात ती कमावू शकत नाही. बीए करताना ज्या मुली सुट्टीच्या दिवशी भांगलायला जातात, शिकवण्या घेतात, दुकानात बसतात, त्यांचा तो आधार इंटर्नशिपच्या सोळा आठवड्यांत सुटतो. सकाळी साडेनऊला शाळा, संध्याकाळी पाचला सुट्टी, रात्री पाठाची तयारी. माझ्या माहितीत ज्यांनी दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं त्यांच्या घरी फीचं कारण कुणी सांगितलं नाही. ‘जमेना झालं’ एवढंच सांगितलं. या ‘जमेना’मध्ये हे पाच-सहा हजार असतात.

स्मरणार्थ दिलेला पैसा खरा इथं हवा. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, थेट मुलीच्या खात्यात, प्रवास आणि साहित्य या नावानं.

‘या नावानं’ हे मुद्दाम लिहिलंय. केंद्राच्या पोस्ट मॅट्रिक योजनेच्या मूळ नियमात असं आहे की ही शिष्यवृत्ती घेणाऱ्यानं दुसरी शिष्यवृत्ती सोबत घ्यायची नाही, पण पुस्तकं, साहित्य, राहणं-जेवणं यासाठी कुणी मदत दिली तर हरकत नाही. म्हणून दात्यांनी पत्रात ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द टाळून ‘पुस्तक, साहित्य व निर्वाह मदत’ असं लिहिलं तर मुलीला पुढं कुणी अडवणार नाही. समारंभात बोलताना खुशाल शिष्यवृत्ती म्हणा.

डी.एड. की बी.एड.? इथं दाते चुकतात

अनेक घरांत अजून समज आहे की बी.एड. मोठं आणि डी.एड. लहान, म्हणून बी.एड. केलं की सगळीकडं चालतं. तसं नाही. सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सांगितलं की पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. लहान मुलांना शिकवायला वेगळं शिक्षण लागतं, आणि ते डी.एल.एड.मध्ये, म्हणजे आपण ज्याला डी.एड. म्हणतो त्यात मिळतं. बारावीनंतर दोन वर्षांचा हा कोर्स आहे, प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो.

जिल्हा परिषदेच्या वाडीवरच्या शाळेत पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतच वर्ग असतात. म्हणजे गावातल्या शाळेत जी शिक्षिका हवी ती डी.एल.एड. झालेली हवी, आणि टीईटीचा पहिला पेपर पास हवी. सहावी ते आठवीसाठी पदवी, सोबत डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा दुसरा पेपर. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. आता बघा, गुरुजी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या नावाची मदत ‘फक्त बी.एड. करणाऱ्या विद्यार्थिनीस’ असं पत्रात लिहिलं, तर त्यांच्याच शाळेत पुढं शिकवू शकणारी मुलगी त्यातून आपोआप बाहेर पडली. मुलींची फी माफी प्रामुख्यानं सीईटीच्या व्यावसायिक कोर्सेसभोवती बोलली जाते, त्यामुळं डी.एल.एड.च्या मुलीकडं लक्षही कमी जातं. पत्रात ‘डी.एल.एड. किंवा बी.एड.’ असं दोन्ही लिहा.

आता मुलींसाठी: कागदपत्रं

ही माहिती सगळ्यांना माहीत असते असं वाटतं, पण अर्ज अडतात ते इथंच. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. लागतं काय? तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, ओबीसींना नॉन क्रिमीलेयर, अधिवास, मागच्या परीक्षेची गुणपत्रिका, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती, रेशनकार्ड, आणि शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत साधारण ३१ मार्चला संपते, त्यामुळं गेल्या वर्षीचा दाखला चालेल असं धरून बसू नका. जात वैधतेला वेळ लागतो. निकालाची वाट न बघता जिल्हा पडताळणी समितीकडं आधीच अर्ज टाका.

सगळ्यात जास्त पैसे अडतात ते बँक खात्यावर. खातं आधारला जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी मॅप असणं वेगळं. तुमची दोन-तीन खाती असतील तर सरकारचा पैसा ज्या खात्याला शेवटी मॅपिंग झालंय तिथं जातो. कधीतरी मोबाईलवरून उघडलेल्या एखाद्या बँकेच्या खात्यात शिष्यवृत्ती जाऊन पडलेली असते आणि घरचे जिल्हा बँकेच्या पासबुकात ती शोधत असतात. बँकेत जाऊन सरळ विचारा: ‘माझं डीबीटी मॅपिंग याच खात्याला आहे का?’ आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळतंय का ते लग्न झालेल्या मुलींनी खास बघावं. लग्नानंतर आधारवर नाव बदललं आणि गुणपत्रिका माहेरच्या नावाची, असं झालं की अर्ज परत येतो.

अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडं. कॉलेजमधल्या बाबूंनी पुढं पाठवलाय का, की त्रुटी काढून परत आलाय, हे दर पंधरा दिवसांनी पोर्टलवर बघा. मोबाईलवर दिसतं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा करावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे दुसऱ्या वर्षी आपोआप येईल, या समजुतीनं बऱ्याच मुलींचं दुसरं वर्ष गेलंय.

अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक योजनेत केंद्र आणि राज्याचा वाटा ६० आणि ४० टक्के असतो, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम कॉलेजला भरायची असते. खात्यात आकडा दिसला, घरात अडचण होती, म्हणून खर्च झाला, आणि नंतर कॉलेजनं निकाल अडवला, असं घडतं. वडिलांना आणि भावाला हे आधीच सांगून ठेवा.

कॉलेज संपल्यावरचा काळ

बी.एड. झालं, हार-तुरे झाले. पण शिक्षिका व्हायला अजून टीईटी आहे, ती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. १५० गुणांपैकी खुल्या प्रवर्गाला ९० लागतात, आरक्षितांना थोडी सूट. पेपर सोपा नसतो. एकदा पास झालं की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, २०२१ पर्यंत सात वर्षांचीच मुदत होती. त्यानंतर २०० गुणांची अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून भरती.

टेट दरवर्षी होत नाही. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी थेट २०२३ मध्ये. तिसरी २०२५ मध्ये. २०१८ साली डी.एड. होऊन बाहेर पडलेल्या मुलीला पहिली संधी पाच वर्षांनी मिळाली. तोवर कुणाचं लग्न झालं, कुणी अंगणवाडीत लागलं, कुणी शिलाई मशीन घेतली. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन, प्राथमिकला महिना १६ हजार. जानेवारी २०२३ च्या आधी तर ते ६ हजारच होतं.

म्हणून स्मरणार्थ पैसे देणाऱ्यांना माझं सांगणं आहे की सगळी रक्कम कॉलेजच्या दोन वर्षांत संपवू नका. थोडी मागं ठेवा: टीईटी आणि टेटच्या परीक्षा फीसाठी, पुस्तकांसाठी, परीक्षा केंद्र लांब आलं तर गाडीभाड्यासाठी. फी हजाराच्या घरात असते, पण नवऱ्याकडं किंवा सासऱ्याकडं तिसऱ्यांदा मागायला लागतात तेव्हा ते हजार फार मोठे होतात. मुलीला कुणाकडं हात न पसरता फॉर्म भरता आला पाहिजे.

कर्जाऊ द्यायचे की असेच? लक्ष्मीबाईंच्या पतपेढीसारखं परतीच्या बोलीवर देण्यात शहाणपण आहे, पैसा फिरत राहतो. पण परतफेड नोकरी लागल्यावर, आणि शिक्षण सेवकाची तीन वर्षं संपल्यावर. व्याज नको, कागद साधा असू द्या. नोकरी लागलीच नाही तर मागायचं नाही, हेही त्याच कागदावर आधी लिहा.

पत्र कसं लिहायचं

पैसे संस्थेला देणार असाल तर चेकनं द्या आणि सोबत पत्र द्या. ठेव म्हणून द्यायचे असतील तर ‘ही रक्कम कायम निधी म्हणून देत आहे, मूळ रक्कम खर्च करू नये’ हे स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर ती साधी देणगी धरून खर्च होऊ शकते. संस्था ८०जी नोंदणीची असेल तर पावती घ्या. जुन्या पद्धतीनं आयकर भरणाऱ्याला त्यात सवलत मिळते, पण दोन हजारांच्या वर रोख दिली तर नाही. संस्था वगैरे नको असेल तर चार भावंडांनी मिळून थेट मुलीच्या खात्यात पाठवलं तरी कुणाची हरकत नाही.

पत्रात पुढचं असावं. मदत तालुक्यातल्या कुणाला, किती, किती वर्षं. पैसे कोणत्या महिन्यात देणार: १५ ऑगस्टची वाट बघू नका, प्रवेशाच्या वेळी आणि दुसऱ्या वर्षी इंटर्नशिप सुरू होण्याआधी द्या. निवड कोण करणार: गुरुजींचे दोन जुने विद्यार्थी आणि एक सध्याच्या शिक्षिका, तिघं पुरेत. सरपंचांना बोलवा, पण निवडीला बसवू नका, त्यांच्यावर उगाच ताण येतो. गुणांची अट पास होण्याइतकी. लग्न झालेली, मूल असलेली, चार वर्षं खंड पडलेली मुलगी चालेल, हे मुद्दाम लिहा, कारण लिहिलं नाही तर ती अर्जच करत नाही. आणि मुलीला स्टेजवर बोलावून ‘गरीब विद्यार्थिनी’ असं माइकवरून सांगू नका. तिलाच पुढं त्या गावात बाई म्हणून उभं राहायचंय.

त्या लाकडी फळ्याचं राहिलं. तुमच्या घरातल्या कुणाच्या नावाची ठेव शाळेत असेल तर एकदा जाऊन विचारा. जुने मुख्याध्यापक बदलले, क्लार्क निवृत्त झाले, पावती कपाटात राहिली आणि ठेव बँकेत पडून राहिली, असं होतं. दहा वर्षं कुणी हात न लावलेली ठेव बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीकडं वर्ग करते, पण ती बुडत नाही. शाळेनं ठराव आणि कागद दिले की बँकेमार्फत व्याजासकट परत मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून बऱ्याच बँकांमधल्या अशा ठेवी शोधता येतात, मोबाईलवरूनही. जाताना फळ्याचा फोटो काढून न्या, त्यावर दात्याचं नाव आणि बहुतेक वेळा सालही असतं.